हाफकिन, एक बाटली आणि लाल झालेला डोळा

कोविडच्या लसीकरणाचा जोर होता, त्या २०२१ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. देवरीकडच्या एका गावातला चाळिशीचा शेतकरी माझ्या ओपीडीत आला. एक डोळा लाल, दुखरा आणि उजेडाकडे बघवत नव्हते. लस घेऊन दहा-बारा दिवस झाले होते, हे त्याने आपणहून सांगितले. बाहेर रांग लागलेली होती. मी मेडिसिनचा डॉक्टर, डोळ्यांचा नव्हे. डोळे आले असतील असे समजून मी थेंब लिहून दिले आणि लसीचा याच्याशी काही संबंध नाही, असे ठामपणे सांगून मोकळा झालो.

तीन आठवड्यांनी तो परत आला, तेव्हा त्या डोळ्याने धूसर दिसू लागले होते. नेत्रतज्ज्ञ सहकाऱ्याने तपासले. डोळ्याच्या आत दाह होता आणि बुबुळाचा पडदा मागच्या भिंगाला चिकटला होता. उपचारांनी डोळा वाचला, पण नजर पूर्वीसारखी झाली नाही. दुसरे नुकसान गावात झाले. लसीने डोळा गेला अशी बातमी पसरली आणि पुढच्या सत्राला मोजकीच माणसे आली.

तो दाह लसीमुळे झाला की आणखी कशाने, हे गावाला सांगण्यासाठी माझ्याजवळ काही आधारच नव्हता. लसीचा बॅच क्रमांक मी विचारला नव्हता, त्रास नेमका कोणत्या दिवशी सुरू झाला ते लिहिले नव्हते, वेळेवर डोळा तपासायला पाठवले नव्हते आणि वर कळवलेही नव्हते. माझा नकार अंदाजाचा होता आणि गावाचा होकारही अंदाजाचाच होता.

लसीनंतर काही विपरीत घडले की काय करावे आणि काय करू नये, हे शिकवणारे एक चरित्र आपल्या महाराष्ट्राच्या अगदी जवळचे आहे. मुंबईतल्या परळच्या ज्या संस्थेचे नाव आपण लहानपणापासून ऐकत आलो, त्या हाफकिन यांचे. त्यांनी आयुष्यभर लसीचा हिशेब माणसागणिक ठेवला आणि तरीही एका बाटलीपायी त्यांची अख्खी कारकीर्द पणाला लागली.

ओडेसाचा विद्यार्थी

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. हे शहर तेव्हा रशियन साम्राज्यात होते, आज ते युक्रेनमध्ये आहे. तिथल्या विद्यापीठात ते प्राणिशास्त्र शिकले. त्यांचे गुरू होते इल्या मेचनिकॉव्ह. या गुरूंनी १८८२ साली इटलीतल्या मेसिना येथे एक साधा प्रयोग केला. तारामाशाची अळी काचेसारखी पारदर्शक असते. तिच्या अंगात त्यांनी एक काटा टोचला. दुसऱ्या दिवशी सूक्ष्मदर्शकातून पाहिले, तर फिरत्या पेशी काट्याभोवती गोळा झालेल्या दिसल्या. दाह ही शरीराची संरक्षणाची हालचाल आहे, हा विचार तिथून रुजला. पुढे १९०८ साली मेचनिकॉव्ह यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

या प्रयोगाचा आपल्या विषयाशी थेट संबंध आहे. माणसाचे शरीर पारदर्शक नाही. सांध्याच्या किंवा यकृताच्या आत काय चालले आहे ते आपल्याला सहजासहजी दिसत नाही. डोळ्याचा पुढचा भाग मात्र पारदर्शक असतो. कॉर्नियाच्या मागे स्वच्छ पाण्याने भरलेली एक छोटी पोकळी आहे. आत दाह झाला की त्या पाण्यात पांढऱ्या पेशी तरंगू लागतात. मेचनिकॉव्ह यांनी अळीत जे पाहिले, तेच आज नेत्रतज्ज्ञ स्लिट लॅम्प नावाच्या यंत्राच्या बारीक उजेडात रुग्णाच्या डोळ्यात पाहतात आणि त्या पेशी मोजतातही.

हाफकिन यांचे तरुणपण सोपे नव्हते. ज्यूंवर हल्ले होत, तेव्हा वस्तीच्या बचावासाठी उभे राहणाऱ्या तरुणांत ते होते. त्यात ते जखमी झाले, तुरुंगातही गेले आणि मेचनिकॉव्ह यांच्या शब्दामुळे सुटले. धर्म बदलला असता तर त्यांना प्राध्यापकपद मिळू शकत होते. त्यांनी ते नाकारले. काही वर्षे ओडेसाच्या प्राणिशास्त्रीय वस्तुसंग्रहालयात नोकरी करून १८८८ साली ते जिनिव्हाला गेले आणि पुढच्या वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत पोहोचले. तिथे मिळालेली जागा होती सहायक ग्रंथपालाची. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात ते प्रयोगशाळेत काम करीत.

त्या काळात युरोपात आणि आशियात कॉलऱ्याने थैमान घातले होते. हाफकिन यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि १८ जुलै १८९२ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, टोचलेली जागा दुखली. पहिली प्रतिक्रिया स्वतःच्या अंगावर पाहायची आणि ती लिहून ठेवायची, ही त्यांची सवय इथून सुरू झाली.

कलकत्त्याच्या वस्त्या

मार्च १८९३ मध्ये हाफकिन कलकत्त्याला उतरले. ते वैद्यकीय पदवीधर नव्हते, वरून परदेशी आणि ज्यू. सरकारी डॉक्टरांत त्यांच्याविषयी अढी होती आणि लोकांत सुईची भीती. एका वस्तीत लोकांनी दगड मारले, तेव्हा सर्वांसमोर त्यांनी स्वतःलाच सुई टोचून घेतली, मग एकेक जण पुढे आला. सक्ती त्यांना मान्य नव्हती. ज्याला हवी त्यानेच घ्यावी, हा त्यांचा नियम होता.

त्यातून शास्त्राचाही फायदा झाला. एकाच वस्तीत, एकाच तळ्याचे पाणी पिणाऱ्या घरांत, काहींनी लस घेतलेली आणि काहींनी न घेतलेली अशी माणसे राहू लागली. १८९४ साली कलकत्त्याच्या काट्टल बागान वस्तीत सुमारे २०० रहिवाशांपैकी ११६ जणांनी लस घेतली. त्यानंतर तिथे कॉलऱ्याचे आणखी १० रुग्ण झाले, त्यांतले ७ दगावले. हे सगळे लस न घेतलेल्यांपैकी होते. लसीचा गुण किंवा दोष कळायचा असेल तर सारख्या परिस्थितीतल्या दोन गटांची तुलना हवी, हे त्यांनी पक्के धरले होते. आज हे आपल्याला साधे वाटते. त्या काळी ते तसे नव्हते.

मुंबईची प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतल्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचा पहिला रुग्ण ओळखला. ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात हाफकिन मुंबईत दाखल झाले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना मिळालेली जागा म्हणजे एक खोली आणि व्हरांडा. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. तीन महिने त्यांनी अहोरात्र काम केले. प्लेगचे जंतू रश्श्यासारख्या द्रवात वाढवायचे होते. वर तुपाचे किंवा खोबरेल तेलाचे थेंब तरंगत ठेवले की जंतू त्यांना धरून खाली लोंबत वाढतात, ही युक्ती त्यांना सापडली. वाढलेले जंतू उष्णतेने मारून त्यांची लस बनली.

१० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. प्रमाण १० घनसेंटिमीटर, म्हणजे नेहमीच्या मात्रेहून बरेच जास्त. ताप चढला, टोचलेली जागा सुजली. महिनाअखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरली. कैद्यांपैकी जवळजवळ निम्म्यांनी स्वखुशीने लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाली आणि ६ दगावले. घेतलेल्यांत दोघांना झाली आणि मृत्यू एकही नाही.

तो काळ मराठी माणसाला वेगळा सांगायला नको. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई फुले गेल्या. घरोघरी शिरून झडत्या घेणाऱ्या सरकारी कारभाराविषयीचा संताप जूनमध्ये रँडच्या हत्येपर्यंत पोहोचला. अशा वातावरणात लोकांनी सरकारी सुई संशयाने पाहिली, यात नवल नव्हते. आगाखान यांनी स्वतः लस घेऊन आपल्या समाजापुढे उदाहरण ठेवले आणि हाफकिन यांच्या कामाला जागाही दिली.

फेब्रुवारी १८९८ मध्ये बडोद्याजवळच्या उंढेरा गावी हाफकिन यांनी तुलनेची पद्धत अधिक काटेकोर केली. एकेका कुटुंबात काहींना लस द्यायची, काहींना नाही. पुढे ज्या २८ कुटुंबांत प्लेग शिरली, त्यांत लस घेतलेले ७१ जण होते. त्यांपैकी ८ आजारी पडले आणि ३ गेले. लस न घेतलेले ६४ होते. त्यांपैकी २७ आजारी पडले आणि २६ गेले. आजच्या नैतिक नियमांत असा प्रयोग बसणार नाही. पण एकाच छपराखालच्या माणसांची तुलना इतकी स्पष्ट होती, की लसीचा गुण कोणाला नाकारता येईना. लस पूर्ण संरक्षण देत नाही, हेही त्याच आकड्यांत दिसत होते आणि हाफकिन यांनी ते लपवले नाही.

१० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये त्यांच्या प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन झाले. व्हरांड्यात सुरू झालेले काम राजवाड्यात आले.

बाटली क्रमांक ५३ एन

१९०२ साली पंजाबात प्लेग पसरली आणि लसीची मागणी प्रचंड वाढली. उत्पादन वाढवण्यासाठी परळला पद्धतीत बदल झाला. कार्बोलिक आम्ल घालण्याची पायरी वगळून उष्णतेने निर्जंतुक करण्यावर भर दिला गेला. पाश्चर संस्थेत ही पद्धत आधीपासून वापरात होती.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुलकोवाल गावात १०७ जणांना लस दिली गेली. हे गाव आज पाकिस्तानात आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात त्यांतल्या काहींना धनुर्वाताची लक्षणे दिसू लागली. एकूण १९ जण आजारी पडले आणि सगळेच्या सगळे दगावले. या एकोणिसांना एकाच बाटलीतून लस मिळाली होती. तिचा क्रमांक ५३ एन. त्याच दिवशी, त्याच गावात दुसऱ्या बाटल्यांतून लस घेतलेल्या ८८ जणांना काही झाले नाही.

बाटलीवर क्रमांक होता आणि कोणाला कोणत्या बाटलीतून लस दिली हे माहीत होते, म्हणून दोष लसीच्या मूळ पद्धतीत नसून एका बाटलीपुरता आहे, एवढे तरी कळले. क्रमांक नसता तर संपूर्ण लसच घातक ठरली असती.

आता प्रश्न उरला, बाटली दूषित झाली कुठे? परळला, भरताना? की मुलकोवालला, उघडताना? मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी मंडळ नेमले गेले. मंडळाचा कौल परळच्या विरोधात गेला. कार्बोलिक आम्ल वगळल्याचा ठपका आला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते युरोपला परतले.

पण चौकशीच्या कागदांतच वेगळी माहिती होती. बाटलीचे बूच काढताना वापरलेला चिमटा कंपाउंडरच्या हातून जमिनीवर पडला होता. तो नीट उकळून न घेता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून तसाच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात आणि त्यांचे बीजाणू अशा ओझरत्या धुण्याने मरत नाहीत. शिवाय ती बाटली परळला भरून ४१ दिवस झाले होते. जंतू तेव्हापासून आत वाढत असते, तर बाटली उघडताच घाण वास आला असता. लस देणाऱ्या डॉक्टरांना तसा वास आला नव्हता. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. मलेरियावरील संशोधनासाठी नोबेल मिळवलेले रोनाल्ड रॉस हाफकिन यांच्या बाजूने उभे राहिले. २९ जुलै १९०७ रोजी लंडनच्या टाइम्समध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र छापून आले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये हाफकिन दोषमुक्त ठरले.

तोवर पाच वर्षे गेली होती. ते भारतात परतले, पण परळची जागा त्यांना मिळाली नाही. कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत त्यांनी उरलेली नोकरी केली आणि पहिल्या महायुद्धाच्या सुरुवातीच्या काळात निवृत्त होऊन ते युरोपला गेले. १९२५ साली परळच्या संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. १८९७ पासून तोवर मुंबईहून प्लेगच्या लसीच्या सुमारे २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर गेल्या होत्या. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधल्या लोझान येथे ते वारले.

मुलकोवाल आणि आजचा फॉर्म

आज लसीकरणानंतर कोणतीही गंभीर घटना घडली की ठरलेला फॉर्म भरला जातो. जिल्हा, राज्य आणि देश पातळीवरच्या समित्या तिची छाननी करतात. कारण शोधताना साधारण पाच खाने पाहतात: लसीच्या गुणधर्मामुळे, लसीच्या दर्जातल्या दोषामुळे, लस देताना झालेल्या चुकीमुळे, सुईच्या भीतीमुळे आणि निव्वळ योगायोगाने. मुलकोवालचा सगळा वाद यातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या खान्यामधला होता. दोष परळचा की चिमट्याचा?

आज उपकेंद्रात एकदाच वापरायची सिरिंज असते, लसीच्या कुपीवर बॅच क्रमांक असतो, पाण्यात मिसळून तयार केलेली बीसीजी किंवा गोवर-रुबेलाची लस चार तासांनंतर वापरत नाहीत आणि लस घेतल्यावर अर्धा तास थांबवतात. आमच्या आरोग्यसेविका धानाच्या बांधावरून, पाझर ओलांडून जातात, तरी हे नियम पाळतात. त्यांना हा खटाटोप वाटतो, तेव्हा मी ५३ एनची गोष्ट सांगतो.

डोळ्याच्या दाहाचे कोडे

धनुर्वात ओळखायला कठीण नव्हता. डोळ्याच्या आतल्या दाहाचे, म्हणजे युव्हिआयटिसचे, तसे नाही. तो लसीशिवायही होतो आणि अनेक कारणांनी होतो. क्षयरोग हे आपल्याकडचे एक मोठे कारण. नागीण उठवणारा विषाणू दुसरे. कंबर आखडणाऱ्या काही सांधेदुखींसोबत डोळाही सुजतो. आपल्या भागात आणखी एक कारण विसरू नये: लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यात, चिखलात रोवणीचे काम करणाऱ्यांना तो होतो आणि ताप उतरून काही आठवडे, कधी काही महिने झाल्यावर डोळा लाल होतो. रोवणीच्या महिन्यात लसीकरण चालू असेल, तर दोन्ही घटना एकाच माणसाच्या बाबतीत लागोपाठ घडू शकतात.

लसीनंतरचा युव्हिआयटिस खरोखर नोंदला गेला आहे, हेही तितकेच खरे. हिपॅटायटिस बी, एचपीव्ही, बीसीजी, एमएमआर, फ्लू, कांजिण्या, कोविड अशा अनेक लसींनंतरच्या नोंदी आहेत. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी १९८४ ते २०१४ या तीस वर्षांतल्या अशा २८९ नोंदी एकत्र केल्या. त्यांतल्या निम्म्या रुग्णांत त्रास १६ दिवसांच्या आत सुरू झाला होता. कोट्यवधी मात्रांच्या तुलनेत ही संख्या अगदी लहान आहे. शिवाय या आपणहून कळवलेल्या नोंदी आहेत, सिद्ध झालेले दोष नव्हेत. त्यांतल्या काही लसीमुळे असतील, काही योगायोगाने. वेगळे करायचे तर तीच जुनी रीत लागते: लस घेतलेल्यांत आणि न घेतलेल्यांत, त्याच काळात, किती डोळे सुजले याची तुलना. उंढेऱ्याचा हिशेब आजही असाच मांडावा लागतो. पण मुळात नोंदच नसेल तर तुलना कशाची करणार?

माझ्या त्या रुग्णाच्या बाबतीत मी हाच दुवा तोडला. स्लिट लॅम्पखाली वेळेवर तपासले असते तर पेशी मोजता आल्या असत्या. एक मिलिमीटर बाय एक मिलिमीटरच्या उजेडाच्या पट्ट्यात ६ ते १५ पेशी दिसल्या तर दाहाला एक अधिक अशी श्रेणी देतात, ५० हून जास्त असतील तर चार अधिक. औषध सुरू केल्यावर त्या कमी होतात की नाही, हे पुढच्या भेटीत पुन्हा मोजून कळते. छातीचा एक्स-रे, रक्ताच्या तपासण्या करून इतर कारणे शोधता आली असती. मग गावात जाऊन काहीतरी खरे सांगता आले असते.

डोळे आलेत की आत दाह आहे?

डोळे आले की चिपडे येतात, खाज सुटते, डोळा चुरचुरतो आणि बहुधा एकामागून एक दोन्ही डोळ्यांना लागण होते. नजर सहसा बिघडत नाही. आतल्या दाहात दुखणे खोल असते, उजेड सहन होत नाही, बुबुळाच्या कडेभोवती लाली जास्त दिसते, चिपडे जवळपास नसतात आणि धूसर दिसते. दाह मागच्या भागात असेल तर डोळा लाल होतही नाही, फक्त डोळ्यांपुढे काळे ठिपके, जाळी तरंगते किंवा नजर मंदावते. उपचाराला उशीर झाला तर बाहुली चिकटते, काचबिंदू किंवा मोतीबिंदू होतो, पडद्याला सूज येते.

लस घेतल्यावर पहिल्या सहा आठवड्यांत यांतले काही जाणवले, तर पुढील गोष्टी कराव्यात.

पहिली: त्याच दिवशी, फार तर दुसऱ्या दिवशी, जवळच्या सरकारी दवाखान्यात जावे आणि नेत्रतज्ज्ञांकडून स्लिट लॅम्पवर तपासणी होईल असे पाहावे. लसीचे कार्ड किंवा मोबाइलवरचे प्रमाणपत्र सोबत न्यावे. लस कोणती, कधी घेतली, त्रास कोणत्या दिवशी सुरू झाला, हे विचारण्याची वाट न बघता सांगावे.

दुसरी: औषधाच्या दुकानातून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. आतल्या दाहाला स्टेरॉइडचे थेंब लागतात, हे खरे. पण धान कापताना, मळताना डोळ्याला लोंबीचे कूस किंवा पाते लागून बुरशीची जखम झाली असेल, तर तेच थेंब डोळा घालवतात. दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे असे डोळे दरवर्षी येतात. बाहेरून दोन्ही लालच दिसतात. तपासल्याशिवाय थेंब घालू नयेत.

तिसरी: लहान मूल सांगू शकत नाही. ते उजेडात डोळे घट्ट मिटत असेल, डोळ्यातून सारखे पाणी येत असेल किंवा बाहुलीत पांढरे दिसत असेल, तर थांबू नये.

चौथी: पूर्वी युव्हिआयटिस झालेला असेल तर लस घेण्याआधी डॉक्टरांना सांगावे. बहुतेक वेळा लस घेता येते, वेळ आणि देखरेख ठरवावी लागते. स्वतःहून लस टाळू नये.

पाचवी: औषधाने किंवा लसीने त्रास झाला असे वाटले, तर रुग्ण स्वतःही कळवू शकतो. भारतीय औषध दक्षता कार्यक्रमाचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. कळवणे म्हणजे तक्रार नव्हे आणि कोणाला शिक्षा व्हावी म्हणूनही ते करायचे नसते.

माझ्या सहकारी डॉक्टरांना आणि आरोग्यसेविकांना एकच विनंती. रुग्णाने लसीचे नाव काढले की आपण बचावात जातो. लसीमुळे नाही, हे वाक्य तोंडात तयार असते. ते कदाचित बरोबरही असेल, पण तपासणीआधी ते म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही. आधी डोळा तपासा, बॅच क्रमांक आणि तारखा लिहा, गंभीर असेल तर विनाविलंब वर कळवा.

आणि लसीवर शंका घेणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. देवीच्या रोगाने पूर्वी किती डोळे घालवले, हे जुन्या पिढीने पाहिले आहे. देवीच्या लसीनेही क्वचित डोळ्याला इजा होई. दंडावरच्या फोडाला लागलेले बोट डोळ्याला लागले की तिथे फोड उठे. ते नोंदले गेले, लोकांना काळजी घ्यायला सांगितले गेले, लसीकरण चालू राहिले आणि अखेर देवीच गेली. गोवर कुपोषित मुलाचा डोळा आजही घालवू शकतो. गरोदरपणी आईला रुबेला झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्माला येऊ शकते. नऊ महिन्यांच्या बाळाला आपण जी गोवर-रुबेलाची सुई देतो, ती डोळ्यांचीही राखण करते.

देवरीकडचा तो शेतकरी अजूनही तपासणीला येतो. एका डोळ्याने त्याला थोडे कमी दिसते, पण धानाचे काम तो करतो. मागच्या वेळी मी त्याला माझी चूक मोकळेपणाने सांगितली. तो काही बोलला नाही. नातवाला गोवराची दुसरी सुई द्यायची आहे, ती कोणत्या वारी मिळते, एवढेच त्याने विचारले. मी वार सांगितला आणि कार्डावर बॅच क्रमांक लिहून घ्यायला विसरू नका, असेही सांगितले.